दगडी वाटांसाठी साइड-बाय-साइडचं सस्पेन्शन मऊ कसं करायचं

कर्जतच्या बाजूला मित्राच्या जमिनीवर पहिल्यांदा दिवसभर साइड-बाय-साइड चालवली, त्या रात्री मुलुंडला घरी आल्यावर मला जेवायला पाटावर बसता येईना. कंबर धरली होती, दोन्ही मनगटं सुजली होती. बायको म्हणाली, "एवढाच सोस असेल तर बसच्या मागच्या सीटवर बसून भांडुपला जाऊन यायचं, दहा-पंधरा रुपयांत काम झालं असतं." त्यानंतर दोन हंगाम मी त्या गाडीच्या शॉकअपशी झटापट केली. बऱ्याच गोष्टी उलट्या क्रमाने केल्या, म्हणून हा लेख सरळ क्रमाने लिहितोय.

नव्यांसाठी आधी एवढं सांगतो. घोड्यावर बसतात तसं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि हँडल धरायचं ती एटीव्ही. स्टिअरिंग, शेजारीशेजारी सीट, डोक्यावर पाइपांचा पिंजरा आणि अंगावर पट्टे असतात ती साइड-बाय-साइड. रिसॉर्टवाले दोन्हींना सरसकट बग्गी म्हणतात. या गाड्या बनवणारी पोलारिस कंपनी २०११ साली भारतात आली तेव्हापासून आपल्याकडे ही नावं ऐकू यायला लागली. पोलारिसच्या आरझेडआरसारखी साइड-बाय-साइड रस्त्यावर चालवायची नसते. ती टेम्पोत किंवा ट्रेलरवर घालून न्यायची आणि परवानगी असलेल्या खासगी जमिनीवर उतरवायची. राखीव जंगल, समुद्रकिनारा आणि कोणाचं भाताचं खाचर या तीन जागा डोक्यातून काढूनच टाका. माथेरानच्या आसपास हिंडण्याचा विचार असेल तर तो परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, हे विसरू नका.

कंपनीतून गाडी कडक का येते?

कारण ती आपल्या वाटांसाठी बनवलेलीच नसते. आरझेडआर एक्सपी १००० घ्या. पुढच्या चाकाची चाल, म्हणजे चाक वर-खाली मिळून जितकं हलू शकतं ते अंतर, १६ इंच, मागच्याची १८ इंच. ही एवढी चाल वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारायला आणि वाळवंटातल्या लाटांसारख्या चढउतारांवरून सुसाट जायला दिलेली असते. दोन दणकट माणसं, मागे सामान आणि वरून उडी, एवढं सगळं झालं तरी गाडीचं पोट जमिनीवर आपटू नये असा कंपनीचा हिशोब. आपण काय करतो? ओढ्यातले गोटे, उन्हाळ्यात उघडा पडलेला काळा कातळ, बैलगाडीच्या चाकोऱ्या, मधूनच एखादा बांध, आणि वेग ताशी दहा ते वीस. त्या १६ इंचांतले पाच-सहा इंचसुद्धा धड वापरले जात नाहीत. म्हणजे पैसे पूर्ण चालीचे दिले आणि बसायला फळकूट मिळालं.

अजून एक गैरसमज आधीच काढून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. शॉकअपच्या भाषेत 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' असे शब्द येतात. तो गाडीचा वेग नव्हे, शॉकअपचा दांडा आत किती झपाट्याने जातो त्याचा वेग. गाडी ताशी दहाने चालली असली तरी नारळाएवढ्या दगडाच्या कडेवर चाक चढलं की दांडा झटक्यात आत जातो. तो हाय स्पीड. उलट वळणावर गाडी सावकाश एका अंगाला कलते, तो लो स्पीड, मग गाडी पन्नासने का जात असेना. शॉकअपवरचा साधा नॉब फिरवून बहुतेक वेळा फरक पडतो तो या दुसऱ्या प्रकारात. म्हणून नवखा माणूस नॉब पूर्ण मऊकडे फिरवतो आणि म्हणतो, "दगड तर तसेच लागतायत!" लागणारच. दगडांचं औषध आधी टायरमध्ये आणि मग गाडीच्या उंचीत आहे.

पहिली पायरी: काहीही फिरवण्याआधी गाडी तपासा

पावसाळा काढलेली गाडी असेल तर हे सोडूच नका. गाडी समतल जागी उभी करा आणि चारही शॉकअपच्या दांड्यांवर स्वच्छ फडकं फिरवा. तेलाचा ओला पट्टा आला तर सील गेलंय. अशा शॉकअपवर सेटिंग करणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी भरणं. दांड्यावर ओरखडा किंवा गंजाचा खड्डा आहे का ते नखाने चाचपा. नंतर चाक वर-खाली आणि आडवं हलवून बॉल जॉइंट आणि आर्मचे (चाक फ्रेमला जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश बघा. आमच्या गाडीत मागच्या आर्मचे बुश लाल मातीने इतके सुकले होते की चाक मोकळं लटकतच नव्हतं, मधेच अडकून राहायचं. ग्रीस मारल्यावर अर्धा कडकपणा तिथेच गेला. त्याआधी महिनाभर मी शॉकअपला शिव्या घालत होतो.

गाडी धुताना प्रेशरचं पाणी सीलवर आणि बुशवर रोखून मारू नका. त्याने माती निघत नाही, उलट आत जाते.

दुसरी पायरी: टायरची हवा

याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही आणि याच्याइतकं दुर्लक्षही दुसऱ्या कशाकडे होत नाही. या गाडीचा टायर मोठा, जाड आणि मऊ हवेवर चालणारा असतो. छोट्या दगडाचा पहिला मार टायरने खायचा, उरलेला शॉकअपकडे जायचा. टायरच फुटबॉलसारखा टणक असेल तर शॉकअप बिचारा काय करणार?

माझी फजिती सांगतो. गाडी टेम्पोत चढवण्याआधी एका पंपावर टायर भरून घेतले. हवा मारणारा पोरगा मोटारींना मारतो तशी हवा मारून मोकळा झाला, आणि मीही बघितलं नाही. शेतावर पोहोचल्यावर मित्राच्या गेजवर मोजली तर २८ पीएसआय. स्टिकरवर लिहिलेल्याच्या जवळपास दुप्पट. त्या दिवशी मी स्प्रिंगची रिंग तीनदा फिरवली होती आणि दर वेळी "काही फरक नाही" असं वहीत लिहिलं होतं.

म्हणून करायचं काय? आधी ० ते ३० पीएसआय मोजणारं छोटं गेज विकत घ्या. पंपावरचं मीटर एवढ्या कमी हवेत भरवशाचं नसतं. गाडी थंड असताना मोजा, कारण चालून टायर तापला की आकडा वर चढतो. गाडीवरच्या स्टिकरचा किंवा पुस्तिकेतला आकडा हा तुमचा आरंभ. तिथून १ पीएसआयने खाली या, चालवून बघा, मग आणखी १. दगडी वाटेवर हलक्या गाड्या साधारण १० ते १५ पीएसआयच्या मधे कुठेतरी स्थिरावतात. दोन माणसं आणि सामान असेल तर १०च्या खाली जाऊ नका. हवा फार कमी झाली की दोन गोष्टी होतात. एक, दगड टायर दाबून थेट रिमला लागतो आणि रिम वाकतो. दोन, तिरक्या उतारावर टायरची कड रिमवरून सुटते आणि तुम्ही भर उन्हात जॅक शोधत बसता. रिमवर कड आवळून धरणारं बीडलॉक असेल तर गोष्ट वेगळी.

जाता जाता एक सांगतो. दिसायला छान म्हणून जड रिम आणि आठ प्लायचे, म्हणजे आठ थरांचे, टायर टाकलेत तर गाडी कडक लागणारच. चाकाचं वजन जितकं जास्त, तितकं त्याला दगडावरून पटकन वर-खाली करणं शॉकअपला अवघड जातं. हे माहीत असूनही मी असे टायर टाकलेत. फोटो चांगले येतात.

तिसरी पायरी: उंची, म्हणजे गाडी किती बसते

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

लोकांना वाटतं की प्रीलोडची रिंग (स्प्रिंगच्या वरच्या टोकाला शॉकअपच्या आट्यांवर फिरणारी) सैल केली की स्प्रिंग मऊ होते. स्प्रिंग तेवढीच कडक राहते. रिंग वर केली की (म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली की) गाडी खाली बसते, एवढंच. पण त्या 'एवढंच'मध्ये खूप काही आहे. चाकाला दोन दिशांना चाल हवी असते. दगड आला की वर जायला, आणि खड्डा आला की खाली लटकायला. गाडी जर ताठ, टाचा उंच करून उभी असेल तर चाकाला खाली जायला जागाच नसते. खड्डा आला की चाक लटकण्याऐवजी सगळी गाडी खड्ड्यात पडते. तो धक्का कंबरेला बसतो आणि आपण म्हणतो, स्प्रिंग कडक आहे.

मोजायचं असं. मापाची टेप, खडू, वही आणि एक मदतनीस एवढं लागतं. चाकाच्या मध्यबिंदूच्या बरोबर वर बॉडीवर खडूने खूण करा. फ्रेमखाली मधोमध जॅक लावून गाडी उचला, चारही चाकं लटकू द्या आणि फ्रेमखाली भक्कम स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका. आता चाकाच्या मध्यापासून खुणेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. हा पहिला आकडा.

मग गाडी खाली ठेवा आणि पन्नास-शंभर मीटर चालवून आणा. ही चक्कर टाळू नका. टेम्पोतून नुकती उतरवलेली किंवा जॅकवरून खाली ठेवलेली गाडी आपल्या खऱ्या उंचीवर बसलेली नसते, बुश आणि सील तिला मधेच धरून ठेवतात. परत आल्यावर ब्रेक न दाबता हळू थांबवा. तुम्ही नेहमी जसे बसता तसे, हेल्मेट घालून, पट्टे लावून बसा. शेजारी नेहमीचा माणूस बसवा, टाकीत पेट्रोल असू द्या, पाण्याचा कॅन मागे असू द्या. मदतनिसाला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. हा दुसरा आकडा. पहिल्यातून दुसरा वजा करा. गाडी किती बसते ते कळलं.

हे बसणं एकूण चालीच्या साधारण चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत असावं. आमची गाडी पुढे अडीच इंच बसत होती. १६ इंचांच्या मानाने हे काहीच नाही, जेमतेम सहावा हिस्सा. रिंग फिरवून ती साडेचार इंचांवर आणली, मागे पाच इंचांवर. त्याच वाटेवरून त्याच दिवशी परत गेलो तेव्हा शेजारी बसलेला मित्र पहिल्यांदा दात न आवळता बोलला. काय बोलला ते छापण्यासारखं नाही, पण खूश होता.

रिंग फिरवायला हुक पाना लागतो. गाडीबरोबर आलेला हरवला असेल तर मशीद बंदरला नागदेवीच्या हत्यारांच्या दुकानांत मिळतो. जाताना रिंगचा व्यास मोजून न्या. आणि पाना लावण्याआधी तारेच्या ब्रशने आटे घासा, गंज सैल करणारा स्प्रे मारा आणि दहा मिनिटं थांबा. माती भरलेल्या आट्यांवर जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे चरचर करत जातात. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. लॉक रिंग आधी सोडा, मग मुख्य रिंग फिरवा. चाकं लटकत असताना फिरवलीत तर जोर कमी लागतो. डाव्या-उजव्या बाजूला रिंगच्या वर किती आटे दिसतात ते पट्टीने मोजून सारखे ठेवा. शेवटी लॉक रिंग परत आवळायची. मी एकदा विसरलो आणि संध्याकाळपर्यंत एका बाजूची रिंग आपोआप दोन वेढे फिरली होती.

आता तोटा. गाडी दोन इंच खाली आली म्हणजे पोटाखालची जागाही दोन इंचांनी गेली. कातळाच्या पायऱ्या असलेल्या वाटेवर हे भारी पडतं. मी पहिल्या उत्साहात इतकं खाली आणलं की मुरबाडच्या बाजूला एका ओढ्यात खालची प्लेट दगडावर अशी बसली की आम्ही दोघं उतरून दगड उकरत होतो. गाडी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त बसू देऊ नका, आणि पावसाळ्यात, जेव्हा चिखलाखाली दगड दिसत नाही, तेव्हा अर्धा-एक इंच वरच ठेवा. चिखल तसाही मऊच असतो.

रिंग अगदी सैल झाली, लटकत्या चाकावर स्प्रिंग हाताने खुळखुळते, तरी गाडी म्हणावी तशी बसत नाही? तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंग खरोखर कडक आहे. उलट, रिंग खूप आवळूनच गाडी उंचीला येत असेल तर स्प्रिंग मऊ आहे. स्प्रिंग बदलायची की नाही ते यावरून ठरवा, दुकानदाराच्या बोलण्यावरून नको.

चौथी पायरी: दोन स्प्रिंगा आणि मधली रिंग

बऱ्याच गाड्यांत एका शॉकअपवर दोन स्प्रिंगा एकावर एक असतात. वरची आखूड, खालची लांब, मधे प्लॅस्टिकचा सरकता तुकडा. दोन स्प्रिंगा एकावर एक ठेवल्या की दोन्ही मिळून एकट्या स्प्रिंगपेक्षा मऊ होतात. उदाहरणादाखल वरची इंचाला १०० पौंड आणि खालची २५० पौंड धरा. दोन्ही मिळून काम करतात तेव्हा हिशोब १०० गुणिले २५० भागिले ३५०, म्हणजे इंचाला साधारण ७१ पौंड. इतकी मऊ! पण सरकता तुकडा त्याच्या वर आट्यांवर बसवलेल्या क्रॉसओव्हर रिंगला टेकला की वरची स्प्रिंग कामातून जाते आणि एकदम २५० पौंड अंगावर येतात.

म्हणजे ती रिंग जितकी खाली, तितकी गाडी लवकर कडक होते. बसलेल्या गाडीत तुकडा आणि रिंग यांच्यात किती फट आहे ते बघा. फटच नसेल तर तुम्ही कायम कडक स्प्रिंगवरच चालवताय, आणि मऊ स्प्रिंग नुसती शोभेला आहे. रिंग वर सरकवून फट वाढवा, एका वेळी अर्धा इंच. पण फार वाढवलीत तर गाडी वळणावर लोळते आणि मोठ्या खड्ड्यात तळाला आपटते. काही गाड्यांत ही रिंग नसतेच, त्यांनी पुढे जावं.

पाचवी पायरी: नॉब

आता कुठे शॉकअपला जोडलेल्या तेल-वायूच्या डबीवरचा नॉब. डबीवर 'कम्प्रेशन' असतं, म्हणजे दांडा आत जाताना होणारा विरोध. महाग शॉकअपवर खालच्या टोकाला 'रिबाउंड' पण असतं, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत किती वेगाने उसळी मारते ते. फॉक्सच्या क्यूएस३ वर सरळ १, २, ३ असतं आणि १ म्हणजे मऊ. इतरांवर टिक-टिक करत फिरणारा नॉब असतो. आधी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलक्या हाताने शेवटपर्यंत फिरवत टिका मोजा, आकडा वहीत लिहा, 'कंपनीचं' म्हणून, आणि तेवढ्याच टिका परत मागे या. उद्या सगळं बिघडलं तर परत यायला पत्ता हवा. शेवटाला अडलं की जोर लावू नका, आतली सुई खराब होते.

कम्प्रेशन दोन टिका मऊकडे, चारही शॉकअपवर. चालवा. परत दोन. चालवा. आमच्या गाडीला पुढे चार आणि मागे तीन टिकांनंतर आणखी फरक कळेनासा झाला, म्हणून तिथे थांबलो.

रिबाउंडमध्ये नवखे हमखास फसतात. गाडी ओळीने आलेल्या दगडांवरून जाताना पहिले दोन दगड बरे लागतात आणि नंतर धक्के वाढत जातात असं वाटलं तर शॉकअप कडक नाही, त्याची उसळी मंद आहे. पहिल्या दगडावर दांडा आत गेला, पूर्ण बाहेर यायच्या आत दुसरा दगड आला, मग तिसरा. चौथ्यापर्यंत चाल संपलेलीच असते. अशा वेळी रिबाउंड एक-दोन टिका जलद करा. उलट, बांध ओलांडल्यावर मागची बाजू गाढवासारखी लाथ मारत असेल तर मागचं रिबाउंड मंद करा. ही लाथ गंमत नव्हे, उतारावर गाडी नाकावर उभी राहू शकते.

डायनामिक्स किंवा स्मार्ट-शॉक्ससारखे विजेवर चालणारे शॉकअप असतील तर त्यातला आरामाचा मोड निवडा. वरच्या हवा आणि उंचीच्या पायऱ्या मात्र त्यांनाही चुकत नाहीत.

डबीत नायट्रोजन भरलेला असतो, तोही भलत्या दाबाने. त्या व्हॉल्व्हला हात लावू नका आणि पंपावरची हवा तर अजिबात भरू नका. शॉकअप उघडून आतल्या शिम (पातळ चकत्या) बदलणं हे रॅलीच्या मोटारसायकलींचे शॉकअप बांधणाऱ्या माणसाचं काम आहे, कोपऱ्यावरच्या गॅरेजचं नाही.

सहावी पायरी: आडवा बार

दगडावर एकच चाक चढतं तेव्हा डोकं डावीकडून उजवीकडे घड्याळाच्या लंबकासारखं झुलतं? त्यात आडव्या बारचा, म्हणजे स्वे बारचा हात असतो. तो डावं-उजवं चाक एकमेकांना बांधून ठेवतो. त्याची एका बाजूची लिंक सोडली की बार निकामी होतो आणि चाकं आपापली हलतात. दगडांवर आराम खरोखर वाटतो.

तरीही नवशिक्यांनी बार सोडू नये असं माझं मत आहे. बार सुटलेली गाडी वळणावर आणि तिरक्या उतारावर जास्त कलते, आणि ही गाडी कलंडते तेव्हा पिंजऱ्याबाहेर गेलेला हात परत तसाच मिळत नाही. दहा-बारा वेळा चालवून झालं, वेग पंधराच्या आत ठेवायची सवय लागली, की मग बघा. सोडलेली लिंक लोंबकळत ठेवू नका, ती ब्रेकच्या नळीला लागते. केबल टायने वर बांधा. संध्याकाळी परत जोडा.

चालवून बघायची रीत

हे सगळं कर्जतला वर्षातून दोनदा जाऊन जमत नाही, पण एका शनिवार-रविवारात जमतं. शनिवारी पहाटे पाचला मुलुंड सोडा, म्हणजे वाटेतल्या गर्दीच्या आधी पोहोचाल. मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करायला जाऊ नका. मी एकदा गाडी जॅकवर घेतली होती. अर्ध्या तासात सेक्रेटरी खाली आले, नंबर प्लेट कुठाय म्हणून विचारलं, आणि त्यांच्यामागे सगळ्या इमारतीची मुलं.

जमिनीवर चारेकशे मीटरचा एकच तुकडा ठरवा. त्यात एक गोट्यांचा पट्टा हवा, एक आडवा चर हवा आणि एक बांधासारखा उंचवटा. दर वेळी तोच तुकडा, तोच वेग, शेजारी तोच माणूस. दर फेरीला एकच गोष्ट बदलायची. हवा आणि नॉब एकाच वेळी बदललेत तर फरक कशाने पडला ते देवालाही सांगता यायचं नाही.

शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर, सीलला टेकवून, एक बारीक केबल टाय घट्ट बांधा. फेरी झाली की तो जिथे सरकून थांबला असेल तिथपर्यंत दांडा आत गेला होता. फेरीभर टाय अर्ध्यावरच राहिला तर अजून मऊ करायला वाव आहे. अगदी शेवटाला, रबराच्या बंपरला जाऊन टेकला आणि सोबत 'ठक्' असा आवाज आला तर मऊपणा जास्त झाला. सगळ्यात मोठ्या खड्ड्यात एखाद्या वेळी टेकला तर चालतं. दर फेरीला टेकत असेल तर कम्प्रेशन दोन टिका परत कडक करा किंवा क्रॉसओव्हर रिंग थोडी खाली घ्या.

शेजारच्याला फक्त एक काम द्या: दहापैकी गुण सांगायचे, कारण सांगायचं नाही. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याला धक्का आधीच कळतो आणि तो अंग सावरतो. शेजारचा खरं बोलतो. आमच्या वहीत एका पानावर लिहिलंय: "हवा १३, पुढे ४.५, मागे ५, कम्प्रेशन पुढे ४ मऊ, मागे ३ मऊ. गुण ७. चहा सांडला नाही." त्याच्या वरच्या पानावर गुण ३ आहेत, आणि पुढे काही लिहायचं धाडस झालेलं नाही.

ऊन चढलं की गुण बदलतात हेही लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी शॉकअपमधलं तेल तापून पातळ होतं आणि सकाळी छान वाटलेलं सेटिंग दोन वाजता ढिलं वाटतं. सेटिंग सकाळी करा, आणि दुपारी तासभर चालवून झाल्यावर एकदा तपासा. डबी हाताला चटका देईल, जपून.

नवी स्प्रिंग मागवायची वेळ आलीच तर ती बहुधा परदेशातूनच येते आणि वर कस्टम ड्यूटी लागते. मागवताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष तर सांगाच, पण तुमचं, शेजारच्याचं आणि नेहमीच्या सामानाचं वजन किलोत लिहून द्या. माझ्या मित्राचं वजन ९५ किलो, माझं ६२. त्याच्या गाडीची सेटिंग मी माझ्या गाडीला लावली होती आणि दिवसभर टेबलावर बसल्यासारखं वाटत होतं.

परतताना गाडी टेम्पोत चढवली की पट्टे चाकांवरून किंवा आर्मवरून आवळा, फ्रेमवरून नको. फ्रेमवरून करकचून आवळली तर शॉकअप रात्रभर दबलेले राहतात. टेम्पोवाला घाईत असतो, "झालं, चला" म्हणतो. खाली उतरा, स्वतः बघा, आणि सोडलेली बारची लिंक जोडलीत का तेही तेव्हाच बघून घ्या.